बाहेरच्या भिंतीचा गिलावा सुटतोय? बडोदेकर वारंवार विचारतात ते प्रश्न

गणपती उठले की आमचा फोन वाजायला लागतो. पावसाळाभर भिंतीत मुरलेली ओल बाहेर दिसू लागलेली असते आणि दिवाळी तोंडावर आलेली असते. दांडिया बाजारातला जुना वाडा असो नाहीतर भायलीतला तीन वर्षांचा फ्लॅट, प्रश्न साधारण तेच. म्हणून ते एकदाच लिहून काढले. इथे आपण गवंड्याला कडियो आणि पुट्टीला लापी म्हणतो, खालीही तेच शब्द ठेवलेत.

१. हातभर गिलावा पडलाय. तेवढाच भरायचा की सगळी भिंत उकलायची?

आधी भिंत वाजवा. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ किंवा लाकडाचा तुकडा घ्या आणि वीतभर अंतराने ठोकत चला. धरलेला गिलावा 'टक्' वाजतो, सुटलेला 'डब्ब'. डब्ब वाजेल तिथे खडूने रेघ मारा. हे काम पहाटे करावं, रस्त्यावर रिक्षा सुरू झाल्या की कान फसतो. खडूचे आकार पाहून बहुतेकांना धक्का बसतो, कारण पडलेल्या भागाच्या दुप्पट-तिप्पट भिंत आतून सुटलेली निघते. एकूण भिंतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत असेल तर ठिगळं लावा. निम्म्याच्या पुढे असेल तर तो पूर्ण पट्टा उतरवा. परांची तर दोन्ही वेळी बांधावीच लागते, मग अर्धवट काम कशाला?

२. पोपडे खरवडून लापी मारली आणि वर रंग दिला तर नाही का चालणार?

दिवाळीपुरतं चालेल. लापी म्हणजे एक-दोन मिलिमीटरची साय. खड्डा भरणं हे तिचं काम नाही. खालचा थर सुटलेला असेल तर लापी रंगासकट पापडासारखी हातात येते. काही कारागीर बाहेरच्या खड्ड्यात पीओपी भरतात, ते तर साफ नाकारा. पीओपी म्हणजे जिप्सम. ते पाण्यात थोडं थोडं विरघळतं, एका पावसात मऊ होतं.

३. ओल नक्की कुठून येतेय ते कसं ओळखायचं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आणि सगळ्यात कमी विचारला जाणाराही हाच. लोक थेट 'कुठलं केमिकल मारू' असं विचारतात.

डागाची उंची आणि आकार बघा. जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंत सलग पट्टा आणि त्याच्या वरच्या काठावर पांढरी लाटेसारखी रेघ असेल तर पाणी जमिनीतून चढतंय. बाहेरची फरशी किंवा भरणी जोत्याच्या वर गेली आहे का ते तपासा; रस्ता दर डांबरीकरणाला चढतो आणि घर खाली जातं. खिडकीच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांतून मिशांसारखे ओघळ असतील तर दासा (खिडकीखालची आडवी फरशी) बाहेर काढलेला नाही किंवा त्याला बाहेरच्या बाजूला उतार नाही. छज्ज्याच्या बुडाशी ओल असेल तर खालच्या अंगाला कडेपासून दोन बोटं आत एक खाच असायला हवी, ती नसणार. ती खाच नसली की पाणी कडेवरून गळून न पडता उलटं भिंतीकडे सरकतं. उभा पट्टा आणि शेजारी पाइप असेल तर सांधा गळतोय. भर मे महिन्यातही डाग ओलाच असेल तर पावसाला दोष देऊ नका, आतल्या मोरीची पाइपलाइन बघा.

गच्चीच्या कठड्याखाली ओल असेल तर वर जाऊन कठड्याचा माथा आणि वाटा (कठडा गच्चीला मिळतो तिथला गोलसर भराव) तपासा. उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचे, दोन दिवस अख्खी पोळ (गल्ली) कठड्यावर बसलेली असते, कुणी उभं राहून पेच लढवतं, कुणी स्पीकर टेकवतं. माथ्याला त्या जानेवारीत केसाएवढी भेग पडते आणि जुलैत ती खालच्या खोलीत दिसते.

नैऋत्येकडून पाऊस झोडपतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिणेच्या भिंती आधी जातात. शक्य असेल तर जोराच्या पावसात छत्री घेऊन दहा मिनिटं समोर उभं राहा. पाणी कुठून वाहतं ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

४. आमचं घर पणजोबांच्या वेळचं. गिलावा चुन्याचा आहे की सिमेंटचा?

तुटलेल्या कडेला खिळा ओढून पाहा. चुना भुकटी होऊन निघतो. रंग पांढुरका किंवा सुरखीमुळे (विटेच्या भुकटीमुळे) गुलाबीसर असतो आणि मध्ये न विरलेल्या चुन्याचे पांढरे दाणे दिसतात. सिमेंटवर खिळा किरकिरत घसरतो, रेघ करडी उठते. व्हिनेगर टाकून फेस बघण्याची युक्ती फिरत असते, तिच्या नादी लागू नका. जुन्या सिमेंटच्या गिलाव्यावरही फेस येतो.

वयावरूनही अंदाज बांधता येतो. पोरबंदरला सिमेंटचं उत्पादन सुरू झालं ते १९१४ मध्ये आणि सामान्य घरबांधणीत सिमेंट रुळायला त्यानंतरही बराच काळ गेला. रावपुरा, मांडवी, दांडिया बाजारातलं स्वातंत्र्यापूर्वीचं घर असेल तर चुनाच धरून चाला आणि मग खिळ्याने खात्री करा. फसवी घरं म्हणजे वर चुना आणि खालच्या तीन-चार फुटांत नंतर मारलेलं सिमेंट. अशी बरीच आहेत.

५. कडियो म्हणतो, चुन्याच्या भिंतीवर सिमेंट मारू, एकदम मजबूत होईल. करू का?

नको. मजबुती हाच तिथे दोष आहे. जुन्या विटा पातळ आणि मऊ, त्यांचे सांधे चुन्याचे किंवा मातीचे. ही भिंत पावसात पाणी पिते आणि उन्हात सोडून देते, ऊन-थंडीने थोडी हलते. चुन्याचा गिलावा तिच्याबरोबर हलतो, वाफ बाहेर जाऊ देतो. सिमेंटचं कवच हलत नाही, केसाएवढ्या भेगेतून पाणी आत घेतं, पण त्याला सहज बाहेर पडू देत नाही. क्षार कवचामागे साठतात, त्यांचे स्फटिक फुगतात आणि कवच ढकलतात.

हे मी शिकलो ते स्वतःचं नुकसान करून. आमच्या परसातल्या भिंतीला मीच हौसेने एकास तीनचं (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) सिमेंट मारून घेतलं, वर वॉटरप्रूफ पावडरही घातली. दोन पावसाळे छान गेले. तिसऱ्यात परातीएवढा तुकडा खाली आला. तो उलटा करून पाहिला तर मागे विटांची लाल साल चिकटलेली, सांध्यांच्या रेघांसकट. सिमेंट विटेला धरूनच राहिलं होतं, सुटली होती ती विटेची साल. तो तुकडा मी अजून ठेवलाय. कुणी हा प्रश्न घेऊन घरी आलं की चहाबरोबर दाखवतो.

आधीच कुणी सिमेंट मारून ठेवलं असेल आणि ते घट्ट असेल तर ते छिन्नीने ओरबाडू नका, विटा फुटतील. डब्ब वाजेल तेवढंच उतरवा आणि तिथे चुना भरा.

६. मग चुन्याचा माल कसा बनवायचा? गूळ, मेथी खरंच घालतात का?

कळीचा चुना पाण्यात विरवून निदान पंधरा दिवस, जमलं तर महिनाभर पाण्याखाली मुरू द्या. कळी पाण्यात टाकल्यावर उकळी फुटते आणि थेंब उडतात. डोळ्यांवर चष्मा हवाच, पोरंबाळं लांब. पिंपातलं पाणी आटू देऊ नका. बाहेरच्या भिंतीला आम्ही १ भाग चुना, १ भाग सुरखी आणि २ भाग वाळू घेतो. सुरखी म्हणजे नीट भाजलेल्या विटेची भुकटी. तिच्यामुळे चुना ओलसर जागीही धरतो. पूर्वी हा माल बैलाच्या घाण्यावर मळत, आता मिक्सर चालतो, पण मळणं रेंगाळत व्हायला हवं. थापीवरून लोण्यासारखा घसरला की झाला.

गूळ, मेथी, बेलफळ, ताग हे सगळं घालत आणि घालतातही. चिकटपणा आणि काम करायला सोपेपणा येतो. पण चुना नीट मुरलेला नसेल तर गूळ त्याला वाचवणार नाही. मी फक्त तागाचे बोटभर कापलेले धागे घालतो, ते आकसण्याच्या भेगा धरून ठेवतात.

एक थर १०-१२ मिलिमीटरचाच. पुढच्यासाठी आठवडाभर थांबा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत दगड होतो, त्याला घाई करता येत नाही. ओला गोणपाट लावून उन्हापासून जपा. वर प्लॅस्टिक पेंट नको, चुन्याचीच सफेदी द्या.

७. आमची भिंत सिमेंटचीच आहे. तिथे ठिगळ टिकावं म्हणून काय करायचं?

ठिगळ मरतं ते कडेला. सुटलेला भाग काढल्यावर कडा निमुळती ठेवली तर नवा माल तिथे कागदासारखा पातळ होतो आणि उचलला जातो. कटरने चौकोन कापा, कडा काटकोनात किंवा किंचित आत कलती ठेवा. विटांचे सांधे १०-१२ मिलिमीटर खोल कोरून घ्या, धूळ ब्रशने काढा. आदल्या संध्याकाळी भिंत भिजवा. काम करताना ती ओलसर हवी, पाणी निथळत असलेली नको.

माल एकास चार ते एकास सहामध्ये ठेवा. जुन्यापेक्षा कडक माल करू नका. पहिला थर १२-१५ मिलिमीटर, त्यावर थापीने आडव्यातिडव्या रेघा, मग दुसऱ्या दिवशी ५-८ मिलिमीटरचा वरचा थर लाकडी रंध्याने. काँक्रीटचा खांब आणि वीट जिथे भेटतात तिथे जाळी खिळ्यांनी मारा, दोन्हीकडे निदान १५० मिलिमीटर जाईल अशी.

दोन गोष्टींवर नजर ठेवा. घमेल्यात अर्ध्या तासापेक्षा जास्त पडलेला माल कडियो पाणी घालून परत ओला करतो, तो फेकायला लावा. आणि वरचा थर लवकर सुकावा म्हणून तो कोरडं सिमेंट भुरभुरतो. त्याच जागी पुढे माशाच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात.

८. किती सामान आणू?

१०० चौरस फुटांना २० मिलिमीटर जाडीचा, एकास पाचचा गिलावा धरला तर साधारण दीड पोतं सिमेंट आणि ९-१० घनफूट वाळू.

९. वाळू कशी पारखायची?

बोडेलीकडची, ओरसंग नदीची वाळू आपल्याकडे नावाजलेली आहे, पण ट्रकवर नदीचं नाव लिहिलेलं नसतं. काचेच्या ग्लासात अर्धी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ, हलवून दोन-तीन तास ठेवा. वाळूवर गाळाचा वेगळा थर बसतो. वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांच्या वर गेला तर ती गिलाव्याला नको. मूठभर वाळू दाबून सोडल्यावर तळहात चिखलाने माखला तरी तेच उत्तर.

१०. दिवाळीच्या आधी होईल का? आणि पाणी किती दिवस मारायचं?

हिशोब करा. भिंत सुकायला वेळ, गिलाव्याला निदान ७ दिवस पाणी, मग रंगाआधी सुमारे २८ दिवस, कारण ताज्या सिमेंटचा क्षार रंगाला खातो. गणपतीनंतर सुरू केलं तर बहुतेक वर्षी जमत नाही. गिलावा दिवाळीनंतर, रंग जानेवारीत, हे सगळ्यात चांगलं वेळापत्रक. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ऊन सौम्य असतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना करावंच लागलं तर भिंतीवर सावली आल्यावर काम करा, ओला गोणपाट लावा आणि दिवसातून तीन-चार वेळा पाणी मारा. दिवाळीला पाहुणे येणारच असतील तर दर्शनी भागाला तात्पुरती सफेदी द्या, आतलं दुखणं तसंच आहे हे मात्र लक्षात असू द्या.

११. भिंतीला तडे गेलेत. घाबरायचं का?

बारीक जाळीदार तडे म्हणजे गिलावा घाईत सुकला. दिसायला वाईट, पण निरुपद्रवी. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला किंवा सांध्यांच्या पायऱ्या धरून चढणारा तडा वेगळा. बडोद्याखाली बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे, पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, पाया तिच्याबरोबर खालीवर होतो. तडा मेमध्ये उघडत असेल आणि पावसात मिटत असेल तर मातीचाच खेळ समजा. तड्यावर काचेची पट्टी दोन्ही बाजूंना चिकटवा, तारीख लिहा. पट्टी फुटली तर भिंत हलतेय, आधी इंजिनिअरला दाखवा, गिलावा नंतर. न हलणारा तडा इंग्रजी 'व्ही'सारखा कोरून लवचीक फिलरने भरा.

१२. पुराचं पाणी घरात शिरलं होतं. गिलावा लगेच करून घेऊ?

२०१९ आणि २०२४ च्या पुरांनंतर हा प्रश्न सगळ्यात जास्त कारेलीबागेतून आणि विश्वामित्री नदीच्या काठच्या सोसायट्यांतून आला. उत्तर कुणालाच आवडलं नाही: थांबा. वीट पाण्याखाली राहिली की आतपर्यंत भिजते. ढोबळ हिशोब असा की भिंतीच्या दर इंच जाडीला सुकायला एक महिना धरावा. वरून कोरडी दिसणारी नऊ इंची भिंत आत ओलीच असते.

पाणी ओसरल्यावर चिखल भिंतीवर सुकू देऊ नका, ओला असतानाच धुवा. फुगलेला रंग, लापी आणि सुटलेला गिलावा काढून टाका, पाण्याच्या रेघेच्या एक फूट वरपर्यंत. आणि भिंत उघडी राहू द्या. घर कुरूप दिसतं, शेजारी विचारतात, तरीही. सुकली की नाही ते बघायला जाड प्लॅस्टिकचा फूटभर चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावा. दोन दिवसांनी आतल्या बाजूला घाम आला तर भिंत अजून पाणी सोडतेय. पुढच्या कामासाठी चुन्याचं घर असेल तर प्रश्न ६, नाहीतर ७.

१३. लोणा (भिंतीवर फुटणारी क्षारांची पांढरी भुकटी) दर वर्षी धुतो, दर वर्षी परत येतो. काय करू?

धुता हेच चुकतं. पाण्याने क्षार विरघळून परत भिंतीत शिरतात. सुक्या ब्रशने झाडा, भुकटी सुपलीत गोळा करून बाहेर टाका. पाण्याचा मार्ग (प्रश्न ३) बंद केल्यावर खालच्या पट्ट्याला मुद्दाम कमकुवत चुन्याचा गिलावा द्या. तो क्षार स्वतःत ओढून घेतो, दोन-तीन वर्षांनी खराब होतो, उतरवून नवा द्यायचा. पैसे वाया गेले असं वाटतं, पण वीट वाचते.

वॉटरप्रूफ रंगाचं विचाराल तर ओल आत असताना बाहेरून तो फासणं म्हणजे ओल्या माणसाला रेनकोट घालणं. आधी फोड येतील, मग पोपडे.

१४. छज्ज्याखालचा तुकडा पडला आणि गंजलेली सळी दिसतेय. हाही गिलावाच ना?

नाही. सळी गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. वरून माल थापला तर तो पुढच्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यावर पडेल. सळीभोवतीचं काँक्रीट मागपर्यंत काढून, सळी चकचकीत घासून, गंजरोधक लेप देऊन, लेटेक्स घातलेल्या मालाने भरावं लागतं. सळी पाव हिश्श्यापेक्षा जास्त झिजली असेल तर जोडसळी लागेल. हे काम कडियोवर सोडू नका.

१५. भिंतीतला पिंपळ दर वर्षी कापतो, तरी येतो.

कापल्याने मूळ जाड होतं. ताजा काप दिला की लगेच त्यावर तणनाशक ब्रशने लावा, मूळ मेल्यावर आजूबाजूच्या दोन-तीन विटा काढून ते खेचा आणि चुन्याने भरा. जिवंत मूळ ओढलं तर भिंत बरोबर येते.

१६. दर्शनी भिंतीवर वेलबुट्टी आणि कंगोरे आहेत. तुटलेत ते परत बनतात का?

बनतात, कारागीर सापडला तर. लांब सरळ कंगोऱ्यासाठी शाबूत भागाचा काटछेद कागदावर उतरवा, पत्रा त्या आकारात कापून लाकडी पाटीवर ठोका. भिंतीवर फळी मारून त्या आधाराने साचा ओल्या मालावरून ओढायचा, थर देत देत. पहिल्या ओढीत वेडंवाकडं दिसतं, पाचव्या-सहाव्या ओढीला धार येते. फुलं-पानांसाठी शाबूत नगाचा रबरी साचा घ्या. रंगाचे थर चढून नक्षी बोथट झाली असेल तर तोडण्याआधी रंग उतरवून बघा. एकदा अशाच मातकट गोळ्यातून पोपट निघाला होता, चोचीत डाळिंब धरलेला.

१७. गोत्रीतला फ्लॅट, ब्लॉकची भिंत. दोन वर्षांत ब्लॉकच्या रेघा बाहेर दिसायला लागल्या.

हलक्या ब्लॉकवर विटेसारखा कडक आणि जाड गिलावा मारला की असं होतं. ब्लॉक पाणी भराभर शोषतो, त्यामुळे माल धरण्याआधीच सुकतो. ब्लॉक भिजवून चिंब करणं हाही उपाय नाही, हलका शिडकावा पुरे. रेघा कोरून लवचीक फिलर आणि त्यावर पातळ फायबरची जाळी. पुन्हा गिलावा करायची वेळ आली तर एकास सहा, पातळ थर. पण बाहेरची भिंत सोसायटीची असते, एकट्याने परांची बांधण्याआधी सभेत ठराव करून घ्या.

१८. आमचं घर तांबेकर वाड्याला लागून आहे. स्वतःच्या भिंतीलाही परवानगी लागते?

लागते. तांबेकर वाडा, आतल्या एकोणिसाव्या शतकातल्या भित्तिचित्रांसकट, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र मानलं जातं. प्रतिबंधित पट्ट्यात नवं बांधकाम होत नाही, पण असलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. काम सुरू करण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढा, उंची मोजून लिहा आणि अर्जाला जोडा. कठडा पूर्वीही एवढाच होता हे नंतर तोंडी सांगून कुणी ऐकत नाही.